छापलेली किल्ली

पुस्तकाचा करार झाला त्या दिवसापासून घरात त्यांचं नाव लेखिकाबाई पडलं. ठेवलं नवऱ्याने. तो दातांचा डॉक्टर. दिवसभर समोरचा माणूस आ वासून बसलेला असतो आणि त्याला उत्तर देता येत नाही, याची इतकी सवय, की घरी आल्यावरही डॉक्टरांचं तोंड थांबत नसे. "लेखिकाबाई, आज किती पानं पाडली?" बूट काढता काढता ते विचारायचे. आणि त्या म्हणायच्या, "तुम्ही दात पाडले असतील त्याहून कमीच."

विषय काही कोणी उशाशी घेऊन झोपावा असा नव्हता. लेखिकाबाईंनी इतकी वर्षं नोकरी केली ती दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधली भोकं शोधायची. कंपनी बदलायची, माणसं बदलायची, भोकं मात्र तीच. पासवर्ड उघडेच ठेवलेले, एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराला लावायचं कुलूप, वापरलेलं पण उलटंपालटं, दाराला भलंमोठं कुलूप आणि शेजारी खिडकी सताड उघडी. प्रत्येक वेळी नवा डेव्हलपर, आणि प्रत्येक वेळी त्याच चेहऱ्याने तेच वाक्य: "पण मॅडम, चालत तर होतं!" एक दिवस त्यांना कंटाळा आला. नोकरी सोडली आणि ठरवलं, की हे सगळं एकदाच, शांतपणे, कोणावर न खेकसता लिहून काढायचं. गणित कमी, कामाचं जास्त. कामाच्या घाईत असलेल्या डेव्हलपरने पुस्तक उघडावं, उदाहरण बघावं, आणि ते चालावं.

ते 'चालावं' फार महागात पडणार होतं, पण तेव्हा कोणाला ठाऊक होतं!

लिहायला बसल्यावर कळलं, की आपल्याला जे येतं ते सांगता येतंच असं नाही. सोपं लिहिलं की किंतूसाहेब म्हणत, हे चूक आहे. बरोबर लिहिलं की संपादिका म्हणे, हे कळत नाही. किंतूसाहेब म्हणजे लेखिकाबाईंचे जुने सहकारी, आता निवृत्त, पुस्तकाची तांत्रिक तपासणी त्यांच्याकडे होती. त्यांचं प्रत्येक वाक्य 'किंतु'ने सुरू व्हायचं, म्हणून ऑफिसात हे नाव पडलं आणि त्यांनीही ते बिनतक्रार लावून घेतलं. संपादिका त्यांच्या निम्म्या वयाची, हुशार, आणि उपमा-दाखल्यांवर जीव टाकणारी. "एक छान उदाहरण द्या ना" हे तिचं पालुपद. या दोघांच्या मध्ये लेखिकाबाईंचं पार भरीत झालं होतं. एकच परिच्छेद सकाळी सोपा करायचा, दुपारी बरोबर करायचा, आणि संध्याकाळी तो आपण मुळात कशासाठी लिहिला हेच आठवेनासं व्हायचं.

त्यातल्या त्यात फायलीला कुलूप लावण्याचं प्रकरण सगळ्यांच्या पसंतीस उतरलं होतं. त्यात एक छोटा, देखणा प्रोग्रॅम होता. त्याला फाइल द्यायची, किल्ली द्यायची, फाइल बंद. तीच किल्ली पुन्हा दिली, की फाइल उघडी. किल्ली म्हणजे तरी काय, अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक, अर्थ नसलेली रांग. ती जवळ नसेल त्याला ती फाइल म्हणजे निव्वळ कचरा. आता प्रोग्रॅम चालवून दाखवायचा तर त्यात कुठलीतरी किल्ली हवी. म्हणून लेखिकाबाईंनी एक किल्ली बनवली, प्रोग्रॅममध्ये घातली, आणि पुढच्या पानावर बजावून लिहिलं, की ही नुसती नमुन्याची आहे, तुमची तुम्ही बनवा. संपादिकेला प्रकरण इतकं आवडलं, की तिने ते वानगीदाखल प्रकाशनाच्या वेबसाइटवरही टाकून दिलं.

राहिलं होतं एकच चित्र. किल्ली चुकीची असेल तर प्रोग्रॅम कसा ठाम नकार देतो, ते पडद्यावर दिसतं तसं छापायचं होतं. "वाचकाला नकारसुद्धा दिसू दे," संपादिका म्हणाली होती. एकदाचं हिचं म्हणणं पटण्यासारखं होतं.

नकार मिळवायला दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या किल्लीने बंद केलेली फाइल हवी. ती घरातच होती. दवाखान्यातला कॉम्प्युटर मागे एकदा अचानक बंद पडला, तेव्हापासून डॉक्टर सगळ्या पेशंटांच्या नोंदींची कुलूपबंद प्रत अधूनमधून घरच्या कॉम्प्युटरवर आणून ठेवायचे. नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर डॉक्टरांच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे भाऊजींच्या कंपनीचं, कुलूपही त्यांचंच. लेखिकाबाईंचा आणि त्या फायलीचा काडीचा संबंध नव्हता. म्हणूनच तर ती निवडली.

भर दुपार होती. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या, डॉक्टर दवाखान्यात होते. लेखिकाबाईंनी पुस्तकातला प्रोग्रॅम पुस्तकातल्या किल्लीसकट त्या फायलीवर चालवला, आणि नकाराचा फोटो काढायला सरसावून बसल्या.

नकार आलाच नाही. फाइल उघडली.

पडद्यावर अक्षरं उतरली. नीट, ओळीत, वाचता येण्यासारखी. हे काहीतरी भलतंच दिसतंय, असं म्हणून लेखिकाबाई पुढे झुकल्या आणि खरंच मजकूर आहे की भास आहे हे बघायला वाचू लागल्या. पहिलीच नोंद सासूबाईंची होती. सॉफ्टवेअर नवीन आलं तेव्हा डॉक्टरांनी ते आधी आपल्या आईच्या कवळीवर चालवून पाहिलं असणार.

"आई. वरची कवळी सैल. परवाच येऊन गेली, ते आठवत नाही. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. विस्मरणाची सुरुवात आहे, पुढे वाढणार. गोळ्या सुरू केल्या. घरात कोणालाही कळू द्यायचं नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. धाकट्यालाही नाही."

लेखिकाबाईंनी लॅपटॉप फटकन मिटला. पण डोळ्यांनी वाचलेलं काही मिटता येत नाही.

आधी कशाने गोंधळून जावं तेच त्यांना कळेना. एकीकडे जी फाइल जन्मात उघडायला नको ती उघडली होती. दुसरीकडे, आतल्या खोलीत झोपलेल्या त्या ताठ कण्याच्या बाईला कसलीतरी सुरुवात झाली होती, आणि तिचा मुलगा ते कधीपासून एकटा गिळून हसत-खिदळत घरी येत होता. सासूबाईंनी शेजारणीला एकच किस्सा पाठोपाठ दोनदा ऐकवला होता, तेव्हा लेखिकाबाईंना वाटलं होतं, वयाबरोबर माणसाला किस्से प्रिय होतात. रडू येईल असं वाटलं, आणि ते येऊ नये म्हणून त्यांनी दोन गोंधळांपैकी जो त्यातल्या त्यात सोपा होता तो हातात घेतला.

आपला प्रोग्रॅमच बोगस तर नाही? कुठलीही किल्ली दिली तरी उघडतो की काय? तसं असेल तर पुस्तक गेलंच, पण इतक्या वर्षांची अक्कलही गेली. त्यांनी कपाटातल्या जुन्या डिस्का काढल्या, इकडून तिकडून बंद फायली गोळा केल्या आणि प्रोग्रॅम एकेकीवर चालवला. नकार. नकार. पुन्हा नकार. हवे तेवढे फोटो काढावेत इतके नकार. मग प्रोग्रॅमला सांगितलं, की मजकूर दाखवू नकोस, उघडतं की नाही एवढंच सांग, आणि तरीही भीती वाटली म्हणून पडद्यावर टॉवेल टाकून दवाखान्याची फाइल दिली. टॉवेल जरासा उचलून खालची ओळ पाहिली. उघडतं!

म्हणजे प्रोग्रॅम ठीक आहे. किल्ली ठीक आहे. फक्त ही एकच फाइल फितूर आहे. क्षणभर असंही मनात येऊन गेलं, की जगातलं सगळं एन्क्रिप्शन एकदम मोडलंय आणि ही बातमी पहिल्यांदा आपल्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत आली आहे. मग त्यांनी किंतूसाहेबांना फोन लावला. सासूबाईंचं काही बोलल्या नाहीत, फाइल कसली तेही नाही, फक्त जे घडलं ते सांगितलं.

"दोन माणसांना योगायोगाने एकच किल्ली सापडू शकते का हो?" त्यांनी विचारलं. स्वतःच्याच पुस्तकात याचं उत्तर ठळक अक्षरांत होतं, पण त्या क्षणी त्यांचा पुस्तकावर विश्वास उरला नव्हता.

"किंतु त्यापेक्षा तुमच्या यजमानांच्या सगळ्या पेशंटांना एकदम दुधाचे दात येण्याची शक्यता जास्त," किंतूसाहेब म्हणाले. "योगायोग विसरा. ते कच्चं प्रकरण कोणाकोणाला वाचायला दिलं होतं?"

"ओळखीतले डेव्हलपर होते. त्यांना आधी चालवून बघा म्हटलं होतं."

"त्यात कोण होतं?"

लेखिकाबाईंनी नावं आठवायला सुरुवात केली. धाकट्या भाऊजींचा निरोप त्यांना लख्ख आठवला. "वहिनी, एक नंबर! पहिल्या फटक्यात चाललं." त्या निरोपाने तो अख्खा दिवस त्या हवेत तरंगत होत्या.

"किंतूसाहेब," त्या म्हणाल्या, "मी नंतर बोलते."

भाऊजींचं ऑफिस चपलांच्या दुकानावर होतं. जिना चढताना चामड्याचा वास, आणि वर गेल्यावर तापलेल्या वायरींचा. टेबलं एकमेकांना चिकटलेली, प्रत्येकावर दोन दोन पडदे, कोपऱ्यात पाण्याविना वाळलेलं एक झाड. ते कोणी फेकत नव्हतं, कारण ते आपलं नाही असं प्रत्येकाला वाटत होतं. भाऊजी उठून उभे राहिले. त्यांना वहिनींबद्दल खरोखरच आदर होता. ऑफिसात ते सगळ्यांना सांगायचे, आमच्या घरात एक पुस्तक तयार होतंय म्हणून.

"वहिनी, तुम्ही इकडे? फोन करायचा, मी आलो असतो."

"भाऊजी, दवाखान्याच्या फायलींना कुलूप कोणाचं लावलंय?"

"कोणाचं म्हणजे? तुमचंच!" भाऊजींचा चेहरा फुलला. "जसंच्या तसं उतरवून घेतलंय. एका अक्षराचा फरक केला नाही. जाणकार माणसाच्या कामात आपण कशाला नाक खुपसायचं?"

"आणि किल्ली?"

"तीही तुमचीच. तिच्याशिवाय चालतच नव्हतं ना."

लेखिकाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ती नमुन्याची होती! खाली लिहिलं होतं ना मी, की तुमची तुम्ही बनवा म्हणून?"

"खाली कुठे? पुढच्या पानावर. प्रोग्रॅम ज्या पानावर होता ते पान आम्ही घेतलं, चाललं, कामाला लागलो." भाऊजी खरोखर बुचकळ्यात पडले होते. "आणि वहिनी, मला एक कळत नाही. तुम्ही एवढ्या जाणत्या, मग पुस्तकात तुम्ही किल्ली चांगलीच घातली असणार ना? कशाला कोणी वाईट घालेल?"

किल्ली चांगलीच होती. फक्त ती चारचौघांना माहीत होती, आणि पुस्तक छापून आल्यावर साऱ्या जगाला होणार होती. वेबसाइटवर तर ती आत्ताही पडून होती. जो कोणी ते पान उघडेल त्याला भाऊजींच्या सगळ्या दवाखान्यांचं दार मोकळं. लेखिकाबाईंनी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांच्याकडे समजावण्याची इतकी सामग्री साठली होती, की ती आपोआप बाहेर आली. भाऊजी मान डोलावत राहिले.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी नवीन सुधारणा करू तेव्हा हेही घालून टाकू. आत्ता सगळ्या दवाखान्यांचं काम थांबवायचं म्हणजे डॉक्टरलोक आमच्या नावाने शंख करतील. आणि खरं सांगू का वहिनी, दातच आहेत हो ते. कोणाची दाढ किडली हे वाचून कोणाला काय मिळणार? सांगा ना, एक तरी उदाहरण द्या, दातांत असं काय लपवण्यासारखं असतं?"

उदाहरण! संपादिका मागायची तेच. आणि आयुष्यात पहिल्यांदा लेखिकाबाईंजवळ इतकं बिनतोड उदाहरण होतं, की एका वाक्यात भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं असतं. तुमच्या आईचं आहे, भाऊजी. तुम्हाला सांगायचं नाही असं त्यांनीच बजावलंय. पण ते वाक्य उच्चारलं, की ज्यासाठी हे कुलूप हवं होतं तेच उघड्यावर पडणार. न सांगावं, तर कुलूप तसंच राहणार आणि उद्या कोणीही ते वाचणार. जन्मभर त्यांनी लोकांना गुपितं कशी ठेवायची ते शिकवलं होतं. स्वतःजवळ एखादं आलं तर बोलायचं काय, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, मी वाचलंय."

"काय वाचलंत?"

"ते नाही सांगणार."

"म्हणजे दवाखान्याची फाइल? दादाची?"

"हो."

भाऊजींच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं. त्यांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं, उठून काचेचं दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"दादाने ते लिहून ठेवलंय?"

लेखिकाबाई चक्रावल्या. हे कशाबद्दल बोलतायत? त्यांनी भाऊजींचं पान पाहिलंसुद्धा नव्हतं.

"त्याने मला शब्द दिला होता," भाऊजी म्हणाले. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. "म्हणाला, हे माझ्या खुर्चीपलीकडे जाणार नाही. वहिनी, तुम्ही घरी... म्हणजे हिला काही..."

"मी कोणालाच काही सांगणार नाही," लेखिकाबाई म्हणाल्या. ते तर शंभर टक्के खरं होतं. काय सांगायचं तेच त्यांना ठाऊक नव्हतं. 'अहो, तुमचं नाही वाचलं हो' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ते बोलल्यावर भाऊजी विचारणार, मग कोणाचं वाचलं? आपण फसवतोय की वाचवतोय, याचा निवाडा त्यांना तेव्हा करता आला नाही आणि नंतरही कधी नीटसा झाला नाही.

भाऊजींनी दार उघडलं आणि ओरडून सगळ्यांना कामं थांबवायला सांगितलं. मघाशी डॉक्टरलोकांच्या शंखाला भिणारा माणूस आता एकेका दवाखान्याला स्वतः फोन लावत होता.

"दादाची फाइल मीच करतो," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. मी स्वतः उघडतो आणि नवीन किल्लीने..."

"नाही!" लेखिकाबाई इतक्या जोरात म्हणाल्या, की बाहेरच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. पहिलंच पान आईचं. "तुम्हीसुद्धा उघडायची नाही. कोणीच नाही. मी तुम्हाला प्रोग्रॅम लिहून देते. तो आतल्या आत उघडेल, आतल्या आत बंद करेल, पडद्यावर एक अक्षर दिसणार नाही. आणि प्रत्येक दवाखान्याची किल्ली त्या दवाखान्यातच बनेल. तुमच्याकडेही राहणार नाही."

"माझ्यावर विश्वास नाही का?" भाऊजी जरा दुखावून म्हणाले.

"तुमच्यावर आहे," लेखिकाबाई म्हणाल्या. "माझ्यावर तरी कुठे कोणाचा अविश्वास होता? तरी मी वाचलंच ना."

भाऊजींनी आपली खुर्ची वहिनींना दिली आणि स्वतः उभे राहिले.

संपादिकेला फोन तिथूनच केला. वेबसाइटवरचं प्रकरण काढ, आणि पुस्तकात किल्ली छापायची नाही, कुठलीच नाही. प्रोग्रॅम सुरू होताच थांबेल आणि म्हणेल, आधी स्वतःची किल्ली बनवा.

"म्हणजे वाचकाने उदाहरण उतरवलं तर ते चालणारच नाही?" संपादिकेला धक्काच बसला. "पण तुमचं तर म्हणणं होतं, की पुस्तक उघडावं आणि चालावं! वाचकाला दारातच अडवायचं?"

"हो," लेखिकाबाई म्हणाल्या. "तिथेच अडवायचं."

"लोक पुस्तकाच्या नावाने बोटं मोडतील."

"मोडू देत."

हे इतकं ठामपणे बोलल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं, कारण बाकी कशाबद्दलच त्यांना ठाम वाटत नव्हतं. संध्याकाळी डॉक्टर घरी आले ते तक्रार घेऊनच. धाकट्याने आज दवाखाना बंद पाडला, किल्ल्या काय बदलल्या, वर फोनवर नीट बोललासुद्धा नाही, असा का वागतोय कळत नाही. लेखिकाबाईंनी सांगितलं, की जुन्या कुलपात दोष होता, तो आता काढलाय.

डॉक्टरांचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. "कोणी काही वाचलं नाही ना?"

विचारलं अगदी सहज, पण वर बघितलं नाही. हो म्हणावं, तर या माणसाने आईला दिलेला शब्द आपण मोडला असं होणार. नाही म्हणावं, तर तो एकटा राहणार. "कुलूप आता पक्कं आहे," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभ्या राहिल्या. पुढचे काही दिवस त्यांनी दोन्ही उत्तरं मनात शंभरदा उलटीपालटी केली. एकही पटलं नाही.

मग एका सुट्टीच्या सकाळी त्या जेवणाच्या टेबलाशी नव्याने लिहिलेलं प्रकरण तपासत बसल्या होत्या. समोर सासूबाई भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"काय गं, सारखी टाइप करत असतेस. लिहितेस तरी काय एवढं?"

हे त्यांना माहीत होतं. कराराच्या दिवशी त्यांनीच सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते. लेखिकाबाईंनी लॅपटॉप बाजूला सरकवला.

"समजा आई, तुम्हाला काहीतरी लिहून ठेवायचंय. आणि ते दुसऱ्या कोणी वाचू नये असं तुम्हाला वाटतंय."

सासूबाईंनी चटकन वर पाहिलं. "माझ्याजवळ कुठलं असलं काही?"

"समजा म्हणतेय हो."

"बरं, समजलं. पुढे?"

"मग ते कुलपात ठेवायचं. आणि किल्ली आपली आपण बनवायची. दुसऱ्याची आयती घ्यायची नाही."

"आणि किल्ली हरवली तर?"

हा प्रश्न लेखिकाबाईंना आजवर शेकडो डेव्हलपरांनी विचारला होता आणि त्याचं उत्तर त्यांना पाठ होतं. "हरवली तर गेलं. मग कोणालाच उघडता येत नाही."

"ज्याने ठेवलं त्यालाही नाही?"

"त्यालाही नाही."

"स्वतःचंच असून?"

सासूबाईंनी वर्तमानपत्राची दुमडलेली कड बोटाने सरळ केली, पुन्हा पुन्हा सरळ केली. त्यांचा चेहरा एकाएकी फार लहान दिसायला लागला.

"हे काही बरं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माणसाने करायचं काय मग? काहीतरी सोय हवी की नको?"

"सोय आहे ना आई." लेखिकाबाईंनी पुढे झुकून त्यांचा हात धरला. "किल्लीचे भाग करायचे आणि विश्वासातल्या माणसांकडे वाटून ठेवायचे. नुसत्या एकाच्या भागाने काही उघडत नाही. वेळ आली, की सगळ्यांनी एकत्र यायचं."

सासूबाईंनी विचार केला. "हं. एकाकडेच देऊ नये," त्या म्हणाल्या. "एकट्याला फार जड होतं ते."

दारात हालचाल झाली. डॉक्टर उभे होते, हातात टॉवेल, केस ओले. कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. त्यांनी आईकडे पाहिलं, मग बायकोने धरलेल्या आईच्या हाताकडे, मग बायकोकडे. लेखिकाबाईंनी नजर चुकवली नाही. डोळे भरून आले होते ते पुसलेही नाहीत. डॉक्टरांनी काय ओळखायचं ते ओळखलं.

सासूबाईंनी हात सोडवून घेतला, वर्तमानपत्राची घडी घातली, आणि प्रसन्नपणे सुनेकडे पाहून हसल्या. "मग? हल्ली काय लिहितेस तू?"

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. मग खुर्ची ओढली आणि आईच्या शेजारी, अगदी खेटून बसले.

"मलाही ते कधी नीट कळलेलं नाही," ते म्हणाले. आवाज त्यांनी कसाबसा ताळ्यावर ठेवला होता. "पहिल्यापासून सांग."

"समजा आई," लेखिकाबाई म्हणाल्या, "तुम्हाला काहीतरी लिहून ठेवायचंय." आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.